बारा वर्षांचा नारायण आणि आपली सातवीतली मुलं



"चिकाटी ठेव" हे आपण सातवी-आठवीच्या मुलांना दिवसातून किती वेळा ऐकवतो! पण म्हणजे नेमकं काय करायचं, हे सांगत नाही. घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थ गावातून गेलेल्या एका मुलाकडे यासाठी पुन्हा बघू.

१६०८ साली सूर्याजीपंत आणि राणूबाई ठोसर यांच्या पोटी नारायण जन्मला. पुढचे समर्थ रामदास. वडील लहानपणीच वारले. एकदा हा मुलगा अडगळीच्या खोलीत गप्प बसलेला आईला सापडला. काय करतोस, तर म्हणे जगाची काळजी! ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. पण त्यातली आई बघा ना. तिने शोधलं आणि विचारलं. वडील गेलेलं, कोपऱ्यात बसणारं लेकरू आपल्याही वर्गात असतं. त्याला 'आळशी' म्हणण्याआधी विचारू या, "बाळा, काय चाललंय मनात?"

बाराव्या वर्षी लग्नमंडपातून निघून नारायण नाशिकजवळ टाकळीला १२ वर्षे राहिला, असं परंपरा सांगते. (घर सोडण्याचा भाग घ्यायचा नाही, हे वर्गात स्पष्ट सांगा. पोरं हमखास विचारतात!) तिथला दिनक्रम असा सांगतात: पहाटे नदीत उभं राहून जप, सूर्यनमस्कार, मग माधुकरी, नंतर ग्रंथांचा अभ्यास. म्हणजे शरीर होतं, वेळेवर अन्न होतं आणि माणसंही होती. माधुकरीला रोज लोकांच्या दारात जावंच लागतं. आपण मात्र दहावीचं वर्ष आलं की आधी खेळ बंद करतो, मग झोप कापतो, मग मित्र तोडतो. उरतं त्याला चिकाटी म्हणतो!

दासबोधाच्या १९ व्या दशकातला पहिला समास लेखनाबद्दल आहे. त्यात अक्षर नुसतं 'सुधारा' असं नाही. वाटोळं, सरळ, मोकळं कसं काढायचं, ओळी, मात्रा, वेलांट्या, सगळं बारकाईने दिलंय. मला वाटतं मुलांना हेच हवं असतं. "गणित पक्कं कर" पेक्षा "आज अपूर्णांकांच्या बेरजेची तीन उदाहरणं सोडव, अडलास तिथे खूण कर" हे त्याला जमतं. उद्या फक्त ती खूण बघायची.

आणि मूल बरेच दिवस उदास असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, तर चिकाटीचे धडे थांबवा. सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. हा नंबर वर्गाच्या फळ्याशेजारी मोठ्या अक्षरात लावून ठेवा.