कणगीतले धान्य आणि कडुलिंब

सभासद बंधूंनो,

पनवेल-बेलपाड्याकडील भातपट्ट्यात कणगी ही जुनी सोय. तिच्यात सोंडे पडू नयेत म्हणून धान्य कडक उन्हात वाळवा, दाणा दाताखाली कट्‌दिशी फुटला पाहिजे. मग गार करूनच भरा.

कडुलिंबाचा पाला सावलीत सुकवून थराथरांत घाला. ओला घातला तर बुरशी धरते. लिंबातील अझाडिरॅक्टिन किडीची भूक व वाढ रोखते, पण दाण्यात शिरलेली अळी पाल्याने मरत नाही. म्हणून आधी वाळवण.

वाल-तुरीला किलोमागे ५ मिली खाद्यतेल चोळा, दाण्यावरची अंडी गुदमरतात.

अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात कदापि वापरू नका. त्यांचा वायू किडीबरोबर माणसालाही मारतो.

आपला,
ऊस विकास अधिकारी