राखणीच्या म्हाताऱ्या कुत्र्याची निगा

जळगाव शहरालगतच्या असोदा गावाच्या शिवारात मका, कापूस, केळी आणि भरिताची वांगी ही नेहमीची पिके होत. उभ्या मक्यात रात्री रानडुकरे शिरू नयेत, विहिरीवरील पंपाची केबल चोरीस जाऊ नये, यासाठी पुष्कळ शेतकरी खळ्यात किंवा मळ्यातील झोपडीपाशी एखादा गावठी कुत्रा बाळगतात. तो उमेदीत असतो तोवर त्याची चिंता कोणास करावी लागत नाही. रात्रभर तो बांधाबांधाने फिरतो आणि सकाळी मालकाच्या मोटारसायकलीमागे धावत घरी येतो. आठ-नऊ वर्षांचा झाला म्हणजे मात्र तो मागे पडू लागतो. मग शेतकरी नवे पिल्लू आणतो आणि जुन्या कुत्र्यास गोठ्यातील खुंट्याला बांधून टाकतो.

आयुष्यभर राबलेल्या जनावरास विसावा मिळावा, हाच यामागील हेतू असतो. परंतु परिणाम उलट होतो. बांधलेल्या कुत्र्याचे मागील पायांचे स्नायू झपाट्याने झिजतात, सांधे आखडतात, नखे न झिजल्याने वाढून वळतात. त्याहून मोठी हानी बुद्धीची होते. वास घेणे, आवाजाचा माग काढणे, आपला व परका ओळखणे हे ज्याचे रोजचे काम होते, त्यास दिवसभर एकच भिंत पाहावी लागते. म्हाताऱ्या बैलास जाणता शेतकरी एकदम जू सोडवून बसवीत नाही. नांगर काढून घेतो, पण वैरणीच्या हलक्या गाडीला जुंपतो. कुत्र्याच्या बाबतीत तोच विचार केला पाहिजे. प्राण्यांना निर्दयतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या अधिनियमातील कलम 11 प्रमाणे, नेहमी साखळीने बांधून ठेवलेल्या कुत्र्यास वाजवी व्यायाम न देणे हा मालकाचा अपराध ठरतो, हेही गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी लोकांच्या नजरेस आणावे.

कुत्रा मंद झाला म्हणजे वय झाले, असे मानून स्वस्थ बसणे योग्य नव्हे. पुष्कळदा ते दुखणे असते. गोचिडांमुळे होणाऱ्या तापाने तरुण कुत्रादेखील सुस्त पडतो आणि अन्न सोडतो. तो औषधाने बरा होण्याजोगा असतो. किडलेल्या दातामुळे कुत्रा भाकरी खात नाही, आणि मालकास वाटते की त्याची इच्छाच संपली. म्हणून प्रथम त्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. पाय दुखतो म्हणून घरातील माणसांची वेदनाशामक गोळी भाकरीत घालून देण्याची चाल घातक आहे. अशा काही गोळ्यांनी कुत्र्याच्या जठरात रक्तस्राव होतो व मूत्रपिंडे निकामी होतात.

बुद्धीचा ऱ्हास हळूहळू, कित्येक महिन्यांत दिसू लागतो. कुत्रा दिवसा झोपतो व रात्री कारणावाचून भुंकत फिरतो, कोपऱ्यात तोंड करून उभा राहतो, नेहमीच्या फाटकातून बाहेर कसे पडावे हे विसरतो, घरच्या माणसास उशिरा ओळखतो, बसल्या जागी घाण करतो. याउलट स्वभावात एक-दोन दिवसांतच फरक पडला, लाळ गळू लागली, गिळता येईनासे झाले, तर तो म्हातारपणाचा प्रकार समजू नये. पिसाळण्याचा संशय घ्यावा. अशा कुत्र्याच्या तोंडात घशात हाड अडकले असेल म्हणून हात घालू नये व पशुवैद्यकास तातडीने कळवावे. कोणास चावा किंवा ओरखडा बसल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात लस घ्यावी. म्हाताऱ्या कुत्र्यासही पिसाळ-प्रतिबंधक लस दर वर्षी टोचून घेणे आवश्यक आहे. ‘आता तो कोठे जातो’ म्हणून ती चुकवू नये.

दुखण्याचा उपाय झाल्यावर कामाचा विचार करावा. कुत्र्याची नजर व कान अधू झाले तरी नाक बहुधा शेवटपर्यंत साथ देते; म्हणून त्याचे हलके काम नाकाचे असावे. आरंभी त्याच्यासमोर भाकरीचा तुकडा टोपलीखाली ठेवावा व शोधू द्यावा. चार-सहा दिवसांनी तीन टोपल्या पालथ्या घालून एकीखालीच तुकडा ठेवावा. पुढे केळीच्या वाळलेल्या पानांच्या ढिगात किंवा बांधाच्या कडेने तुकडे लपवावेत. दिवसातून दोनदा पाच-दहा मिनिटे एवढे काम पुरे, कंटाळण्यापूर्वीच थांबावे. सापडले नाही तर रागावू नये, शोध सोपा करावा. हे तुकडे रोजच्या अन्नातूनच वजा करावेत, कारण वाढलेले वजन दुखऱ्या सांध्यांवर पडते. घरात उरलेले भरीत मात्र त्यास घालू नये. खानदेशी भरितात लसूण व कांद्याची पात असते, आणि कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात.

हा खेळ पोरकट वाटण्याचा संभव आहे. परंतु बीगल जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांवर दोन वर्षे चाललेल्या व 2005 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, ज्यांना व्यायाम, सोबत, नवनवे खेळ व शिकण्याचे काम यांबरोबरच विशेष पोषक द्रव्ये घातलेला आहार मिळाला, त्यांची शिकण्याची शक्ती इतरांपेक्षा चांगली टिकली. म्हातारा कुत्रा नवे शिकत नाही, ही समजूत खरी नव्हे. कान शाबूत असतानाच ‘ये’, ‘बस’, ‘थांब’ या शब्दांबरोबर हाताची खूण शिकवून ठेवली, तर बहिरेपणातही त्यास बोलावता येते. बहिऱ्या कुत्र्यास पाठीमागून हात लावू नये. दचकून तो चावतो. मुलांना हे आवर्जून सांगावे.

फिरणे एकदम लांब नसावे; तीन-चार थोडक्या फेऱ्या बऱ्या. मोटारसायकलीमागे धावणे मात्र कायमचे बंद करावे. मळा दूर असल्यास त्यास बैलगाडीत किंवा ट्रॉलीत बसवून न्यावे व तेथे बांधावर सावकाश हुंगत चालू द्यावे. त्याच्या दृष्टीने हुंगणे हाच फेरीचा खरा लाभ आहे. जळगाव भागात उन्हाळ्यात पारा 45 अंशांपर्यंत व कधी त्याहूनही वर जातो. कुत्र्यास माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकूनच अंग निववितो. त्या दिवसांत फेरी उजाडताना व दिवस मावळल्यानंतर बऱ्याच उशिरा करावी. जमिनीवर तळहात पाच सेकंद टेकवत नसेल, तर कुत्र्याचे तळवेही तेथे भाजतात. नजर अधू झालेल्या कुत्र्यास बिनकठड्याच्या विहिरीजवळ व प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्याजवळ मोकळे सोडू नये. त्या गुळगुळीत उतारावरून धडधाकट कुत्र्यासही वर येता येत नाही.

नवे पिल्लू आणावयाचे असल्यास जुना कुत्रा हिंडता-फिरता असतानाच आणावे. पिल्लू त्याच्यामागे फिरून शिवाराच्या हद्दी, पायवाटा व घरची माणसे लवकर ओळखू लागते, आणि म्हाताऱ्यासही उठण्यास निमित्त मिळते. दोघांची भांडी व झोपण्याच्या जागा मात्र वेगळ्या असाव्यात. पिल्लाचे सततचे झोंबणे दुखऱ्या अंगाला सोसवत नाही. म्हाताऱ्याने गुरगुरून त्यास दूर केले, तर मालकाने म्हाताऱ्यावर काठी उगारू नये.

रात्री त्यास गोणपाटाच्या दोन-तीन घड्यांचे कोरडे अंथरूण भिंतीच्या आडोशाला द्यावे, आणि ते वरचेवर हलवू नये. झोपण्यापूर्वी एकदा लघवीसाठी बाहेर न्यावे. ज्याचा दिवस अंधाऱ्या गोठ्यात झोपेत न जाता उजेडात, माणसांत व थोड्या कामात गेला, तो कुत्रा बहुधा रात्री शांत झोपतो. तरीही जो रात्री गोंधळून फिरतो, त्याच्याजवळ मंद दिवा ठेवावा आणि पाण्याचे भांडे रोज ठरल्या जागीच भरून ठेवावे.