कऱ्हेला गेलेली माती

पुरंदर तालुक्यात, कऱ्हा नदीवरच्या नाझरे धरणाच्या वरच्या अंगाला आमची चार एकर उताराची जमीन आहे. ती कसताना जे उमगत गेलं, ते उमगलं त्याच क्रमाने सांगतो.

१. माती जाताना दिसत नाही, म्हणून ती जातच नाही असं मला वर्षानुवर्षं वाटायचं. ओघळ पडली तरच धूप, ही माझी समजूत. एका जूनमध्ये जोराचा पाऊस चालू असताना शेताच्या वरच्या तोंडाशी एक बाटली भरली, खालच्या बांधाच्या फुटीजवळ दुसरी. दोन्ही रात्रभर ओट्यावर ठेवल्या. सकाळी पहिलीच्या तळाला गाळाची बारीक रेघ होती, दुसरीत बोटभर गाळ. चिमटीत धरला तर लोण्यासारखा मऊ. खडे-गोटे रानातच राहतात. आधी निघून जातो तो हाच कसदार भाग. एका एकरावरून १ मिलिमीटरचा थर गेला तरी चार घनमीटर माती होते, म्हणजे जवळजवळ दीड ब्रास. उन्हाळ्यात धरण आटलं की हाच गाळ आम्ही ट्रॉलीचं भाडं भरून परत आणतो. त्या सकाळपासून गाळाच्या ट्रॉलीकडे बघताना पोटात तुटतं.

२. बांधाखाली जमीन वाया जात नाही. तासं लांब मिळावीत, ट्रॅक्टरला वळणं कमी पडावीत म्हणून मी मधला बांध मोडला आणि वाटाणा उताराच्या दिशेने पेरला. वडील म्हणाले होते, "आडवं पेर, लेका." मी ऐकलं नाही. पहिल्याच मोठ्या पावसात एकेक तास म्हणजे पाट झाला. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याची कापायची ताकद चौपट होते, हे मी वाचलेलं होतं. मुळं उघडी पडलेला वाटाणा हातात घेतला तेव्हा ते कळलं. वडील एक शब्द बोलले नाहीत; कुदळ घेऊन बांधाच्या जागी जाऊन उभे राहिले.

३. काम माथ्यावरून सुरू करायचं असतं. मी उलटं केलं. सगळ्यात खाली, ओढ्याच्या काठाला भक्कम ताल घातली आणि एका पावसाळ्यात ती गाळाने भरून फुटली. मग नायगावला जाऊन आलो. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे देवस्थानची चाळीस एकर ओसाड, उताराची जमीन घेतली होती. वर समतल बांध, पायथ्याला तलाव, त्याखाली विहीर. 'पाणी पंचायत' ही चळवळ तिथूनच उभी राहिली. परत आल्यावर तीन काठ्या बांधून इंग्रजी 'ए'च्या आकाराची चौकट केली, मधोमध दोरीला दगड लोंबता सोडला. दोरी आडव्या काठीच्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. अशी पावलं टाकत फक्कीने रेघ ओढत गेलो. इतकी वर्षं जी जमीन डोळ्यांना सरळ दिसायची, तिच्यावरची ती रेघ नदीसारखी वळत गेली. तिथे बराच वेळ बसून राहिलो.

४. पाण्याला वाट ठेवली नाही तर ते स्वतः काढतं. प्रत्येक बांधाला दगडी सांडवा हवा. दोन बांध गमावल्यावर हे शिकलो.

५. खत टाकलं म्हणजे ते पिकाला मिळालं असं नाही. आभाळ भरून आलेलं असताना घाईने युरिया फेकायची सवय मला होती, 'पाऊस आला की मुरेल' म्हणून. हलक्या सरीत मुरतो. धो धो पावसात विरघळून वाहून जातो. स्फुरद मातीच्या बारीक कणांना चिकटून राहतं, म्हणजे माती गेली की तेही गेलं. धरणात साचलेल्या पाण्यावर हिरवं शेवाळ माजतं ते याच खतावर. जेजुरीत नाझऱ्याचंच पाणी पितात. आता खत पेरून मातीआड करतो, आणि बांधावर मारवेल लावलंय. गवताची मुळं माती धरतात, कापून म्हशीला वैरणही होते.

६. वरच्या रानाशी अबोला धरून खालचं रान वाचत नाही. वरच्या तात्यांनी मुद्दाम माझ्याकडे पाणी काढलंय, या रागात दोन वर्षं आम्ही बोललो नाही. शेवटी भर पावसात, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन त्यांच्या बांधावर गेलो. तेही तसेच उभे होते. रस्त्याच्या मोरीतून आलेला लोट त्यांचं निम्मं रान चिरत खाली येत होता. "मी तरी कुठं वळवू रे?" ते म्हणाले. त्यांच्या पायाखालची माती माझ्या डोळ्यांदेखत सुटत होती. मला काही बोलता आलं नाही. त्या दिवाळीनंतर आम्ही दोघांनी मिळून मोरीपासून चर काढली, तिला दगडाचं पिचिंग केलं आणि पाणी ओढ्याला नेलं.

आता मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला की तात्यांचा फोन येतो, "खाली आलंय का पाणी? रंग कसाय?" आणि मी बाटली घेऊन खालच्या बांधाकडे निघतो.