कागद वाचा, मग सही करा

2020 साली करोनाची साथ आली. 25 मार्चपासून देशभर लॉकडाऊन झाला. कारखाने बंद पडले. काही मालक कामगाराला म्हणू लागले, "राजीनामा लिहून दे, नाहीतर काढून टाकतो."

सरकारने 20 मार्चलाच मालकांना सांगितले होते, कुणाला काढू नका. पण तो नुसता सल्ला. खरा आधार कायद्याचा, आणि महाराष्ट्रात तो साथीतही चालू होता.

राजीनामा म्हणजे आपण मर्जीने काम सोडले. मग भरपाई कसली? कपात म्हणजे मालकाने काढले. कारखान्यात वर्षभर काम केलेल्या कामगाराची कपात करायची, तर महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते, नाहीतर महिन्याचा पगार. शिवाय पुऱ्या केलेल्या दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार. आठ वर्षांचे झाले की 120 दिवस! 1947 च्या कायद्यात हे होते, 2025 पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही आहे.

म्हणून कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये. "वाचून सांगतो," म्हणावे. हजेरीकार्ड, पगाराच्या चिठ्ठ्या जपाव्यात. धमकी आलीच, तर तारीख घालून अर्ज लिहावा, कामगार आयुक्तांच्या कचेरीत द्यावा, आणि नकलेवर पोच घ्यावी.