पॉलिथीनच्या नळांचे वितळजोड

शहादा तालुक्यात प्रकाशा व सारंगखेडा येथे तापी नदीवर बॅरेज बांधण्यात आले आहेत. त्यांत अडविलेले पाणी उपसून काठावरील केळी, पपई व ऊस या पिकांस देता येते. उपशाची नळवाहिनी पुष्कळदा काळ्या पॉलिथीनची असते. मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे गेला असता एखादा सांधा सुटल्यास, दुरुस्तीत मोडणारे दोन-तीन दिवसही केळीस जाचक ठरतात. यास्तव जोडणारा कारागीर बाहेरचा असला तरी सांधा कसा घडतो, हे बागायतदारांनी स्वतः जाणून घेणे इष्ट होय.

पी.व्ही.सी.चा नळ सोल्युशन लावून चिकटविता येतो. पॉलिथीनवर ते धरत नाही. त्याची तोंडे वितळवून एकजीव करावी लागतात. हे दोन प्रकार एकमेकांत वितळून मिसळतही नाहीत. पी.व्ही.सी.चे तोंड पाचोळ्याच्या जाळावर मऊ करण्याची रीत शिवारात आढळते. परंतु करपलेल्या पी.व्ही.सी.तून आम्लयुक्त घातक धूर निघतो, म्हणून ती सोडून द्यावी.

पॉलिथीनचे दोन नळ यंत्राच्या पकडीत समोरासमोर घट्ट बसवून त्यांची तोंडे रंधून सपाट करतात. नंतर विजेवर तापणारा तवा (कारागीर यास ‘मिरर’ म्हणतात) मध्ये धरतात. तव्याचे तापमान २०० ते २२० अंश सेल्सिअस असावे. नळाची भिंत १० मिलिमीटर जाड असल्यास, दोन्ही तोंडांवर सुमारे दीड मिलिमीटर उंचीची वितळलेली वळी दिसू लागल्यावर दाब कमी करावा व आणखी सुमारे १०० सेकंद उष्णता मुरू द्यावी. तवा काढून तोंडे जुळविण्यास ६ ते ८ सेकंदच मिळतात. दुसरे टोक उघडे राहिल्यास नळातून वारा वाहून तोंड निवते; ते झाकून ठेवावे.

खरी घाई यापुढे होते. एवढ्या जाडीचा सांधा दाबाखाली १० ते १६ मिनिटे निवू द्यावा लागतो. हातास थंड लागला म्हणून पकड सोडली, अथवा लवकर निवावा म्हणून पाणी ओतले, तर आतील द्रव्यावर ताण येऊन सांधा कच्चा राहतो.

जेथे हे यंत्र मावत नाही तेथे, आत तारेचे वेटोळे असलेला कपलर वापरतात. त्यातून ठराविक वेळ वीज सोडली की कपलर व नळ यांचे लगतचे थर वितळून मिळतात. उन्हातान्हात पडून राहिलेल्या नळाचा वरचा थर प्राणवायूने बिघडलेला असतो. तो खरवडण्याच्या हत्याराने सर्व बाजूंनी समान काढावा; नुसते फडक्याने पुसणे पुरेसे नाही. खरवडलेल्या भागास पुन्हा हात लावू नये. गावच्या विजेचा दाब अस्थिर असल्यास पुरेशा क्षमतेचे जनित्र जवळ ठेवावे.

पॉलिथीन उष्णतेने बरेच वाढते. तापमानात २० अंशांचा फरक पडल्यास १०० मीटर मोकळी नळवाहिनी सुमारे ४० सेंटिमीटरने लांबते वा आखडते. म्हणून चरात नळ किंचित नागमोडी टाकावा आणि पंपाशी शेवटचा जोड सकाळच्या थंड वेळी करावा.

काम सुरू करण्यापूर्वी त्याच नळाच्या दोन तुकड्यांचा एक नमुना-सांधा करवून घ्यावा. तो पूर्ण निवल्यावर सांध्यातून आडवी जाणारी पट्टी कापून वाकवावी. पट्टी जोडरेषेवर उकलली, तर तव्याचे तापमान व तोंडांची स्वच्छता तपासून दुसरा नमुना मागावा.