न भरणाऱ्या जखमा व नव्या पट्ट्या

शेतकऱ्याचें पहिलें अवजार म्हणजे त्याचें शरीर होय. परंतु नांगराचा फाळ पाजविण्याकडे जितकें लक्ष दिलें जातें, तितकें या अवजाराकडे दिलें जात नाहीं. कोयत्याचा घाव, धसकटाचा सल, आवणीच्या दिवसांत पायांस होणाऱ्या चिखल्या, हीं दुखणीं आम्ही क्षुल्लक समजतों. अंधेरी, मुलुंड, घाटकोपर येथील बहुतेक शेतांवर आज इमारती उभ्या आहेत. तरी बोरिवलीपलीकडे गोराई-मनोरीच्या बाजूस व आरेच्या पाड्यांवर अजून शेतीचीं कामें चालतात आणि पाय चिखलांतच असतात. त्यांत मधुमेहाची भर पडली आहे. १९२३ नव्हे, तर २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या सरकारी वैद्यक परिषदेच्या पाहणीप्रमाणें देशांत १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. अशा माणसाच्या पायांतील लहानशी जखम कुजून पाय कापण्याची पाळी येऊं शकते. म्हणून या विषयाची माहिती प्रत्येक घरीं असणें अगत्याचें आहे.

जखम कां भरत नाहीं?

योग्य निगा ठेवूनही सुमारें ४ आठवड्यांत जी जखम भरण्याच्या मार्गास लागत नाहीं, तिला जुनाट जखम समजावें. तिचीं कारणें बहुधा आंत असतात. मधुमेहांत पायाच्या नसा बधिर होतात, त्यामुळें कांटा मोडलेला कळत नाहीं. रक्ताचा पुरवठाही कमी पडतो. शिरा फुगल्यामुळें घोट्याजवळ वाहती जखम होते. कुष्ठरोगांत संवेदना गेल्यानें तळव्यास जखमा पडतात. अंथरुणास खिळलेल्या रोग्याच्या पाठीस व कमरेस दाबामुळें क्षत पडतें. मुळास पाणी न मिळतां पानांवर औषध फवारून रोप सुधारत नाहीं, तसेंच येथें आहे. रक्तांतील साखर आटोक्यांत आणणें, जखमेवरील भार काढणें व मेलेलें मांस डॉक्टरांकडून काढविणें हीं कामें पहिलीं. पट्टीचें काम त्यानंतरचें.

ओलाव्याचें तत्त्व

जखम उघडी टाकून वाळवावी, खपली धरली म्हणजे ती बरी झाली, अशी आपली समजूत आहे. १९६२ सालीं इंग्लंडांत जॉर्ज विंटर या संशोधकानें डुकरांच्या त्वचेवर प्रयोग करून दाखविलें कीं, वरून झांकून ओलसर ठेवलेल्या उथळ जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेच्या मानानें सुमारें दुप्पट वेगानें येते. नव्या त्वचेच्या पेशींस सरकण्यास ओल लागते. कोरड्या खपलीखालून त्यांस वाट काढावी लागते. मात्र ओल म्हणजे चिखल नव्हे. वाफशाच्या जमिनींत बीं रुजतें, पाणथळींत कुजतें, हें शेतकऱ्यास निराळें सांगावयास नको. साध्या जाळीदार कापडाची पट्टी वाळून जखमेस चिकटते आणि ओढून काढतांना नवी त्वचा उपटून निघते. नव्या पट्ट्या निघाल्या त्या हा दोष टाळण्यासाठीं.

आपल्या प्रांतांतील प्रयोग

या कामीं मुंबईच्या डॉक्टरांनीं शेतांतीलच वस्तु उपयोगांत आणल्या. परळ येथील वाडिया बाल रुग्णालयाचे डॉ. एम. एच. केसवानी यांनीं उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्ट्या भाजलेल्या जखमांवर वापरून १९८५ सालीं त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. सालीमुळें जखम वाळत नाहीं. पुढें शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या डॉ. माधुरी गोरे यांनीं केळीचें पान घेतलें. पानाचा पृष्ठभाग मेणचट व गुळगुळीत असल्यानें तें जखमेस मुळींच चिकटत नाहीं. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या तुलनेंत दोन्ही पट्ट्या सारख्याच गुणाच्या ठरल्या, परंतु केळीच्या पानाची पट्टी ११ पटींनीं स्वस्त व करण्यास सोपी आढळली.

सोलापूरचे डॉ. एम. सुब्रह्मण्यम् यांनीं मधाची परीक्षा केली. १९९१ सालच्या त्यांच्या वृत्तांतांत उथळ भाजलेले १०४ रोगी होते. मध लाविलेल्या ५२ जणांपैकीं शेंकडा ८७ जणांच्या जखमा १५ दिवसांत भरल्या. चांदीयुक्त मलम लाविलेल्यांत हें प्रमाण शेंकडा १० होतें. परंतु न्यूझीलंडांत शिरांच्या दोषानें झालेल्या पायाच्या जखमांवर मधाचा विशेष लाभ दिसला नाहीं. एका जातीच्या जखमेचें औषध दुसरीस लागू पडेलच असें नाहीं, हा यांतील धडा होय.

तुर्भे येथील भाभा अणु संशोधन केंद्रानें जलयुक्त जेलीची पट्टी तयार केली आहे. किरणांच्या माऱ्यानें जेली घट्ट बनते व त्याच क्रियेंत जंतुरहितही होते. ती थंडावा देते आणि न चिकटतां निघते.

कोणती पट्टी केव्हां?

कोरड्या जखमेस ओल देणारी जेली, फार वाहणाऱ्या जखमेस समुद्रशेवाळापासून केलेली किंवा स्पंजासारखी शोषक पट्टी, आणि जंतूंचा प्रादुर्भाव झाल्यास कांहीं दिवसांपुरती चांदीयुक्त पट्टी, असा स्थूल नियम आहे. निवड मात्र जखम पाहून डॉक्टरांनींच करावी.

येथें एक इशारा देणें आमचें कर्तव्य आहे. रुग्णालयांतील पान वा साल दाबाच्या वाफेनें निर्जंतुक केलेली असते, आणि औषधी मधही किरणांनीं शुद्ध केलेला असतो. बागेंतील पान तोडून किंवा पोळ्यांतील मध काढून जखमेवर लावूं नये. शेण, राख, चुना, तंबाखू यांची तर गोष्टच नको. माती व शेण यांत धनुर्वाताचे जंतु असतात.

घरीं काय करावें?

ताजी जखम स्वच्छ वाहत्या पाण्यानें धुवावी, स्वच्छ कापडानें झांकावी आणि धनुर्वाताची सुई विचारून घ्यावी. मधुमेह्यानें रोज रात्रीं तळवे पाहावे व शेतांतही अनवाणी जाऊं नये. आमचा जन्म महसुलाच्या दप्तरांत गेला, म्हणून आणखी एक सुचवितों: जखमेची नोंद ठेवावी. तारीख, लांबी-रुंदी, रंग, वास व स्राव आठवड्यांतून एकदां लिहावा. जमिनीची हद्द सरकली तर ती कागदांवरून कळते. तशी जखमेची हद्द वाढते कीं घटते हेंही कागदच सांगेल. डॉक्टरांसही त्याचा उपयोग होईल.

लाली पसरूं लागली, ताप आला, दुर्गंधि सुटली किंवा बोट काळें पडलें, तर त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. घाटकोपरास राजावाडी व विलेपार्ल्यास कूपर हीं महानगरपालिकेचीं रुग्णालयें आहेत. कापणीसाठीं चार दिवस थांबूं, असें म्हणूं नये. पीक पुढच्या वर्षीं पुनः येईल. गेलेला पाय परत यावयाचा नाहीं.