गाडलेल्या मालाची शिल्लक

१ जानेवारी २०२५ च्या रात्री भोपाळहून बारा बंद मालमोटारी पोलिसांच्या बंदोबस्तात निघाल्या आणि दुसऱ्या दिवशी इंदूरजवळच्या पीथमपूर येथे पोहोचल्या. त्यांत ३३७ टन माल होता. युनियन कार्बाइडच्या बंद पडलेल्या कारखान्यातील हा टाकाऊ माल वर्षानुवर्षे त्याच आवारात पडून होता, आणि तो आपल्या दाराशी जाळावयास येणार हे कळताच पीथमपूरची माणसे रस्त्यावर उतरली. इंदूर आणि आसपासच्या आमच्या सभासदांना त्या आठवड्यातील अस्वस्थता अजून आठवत असेल. त्या दिवसांत आम्हांस पुष्कळांनी एकच प्रश्न विचारला: १९८४ च्या डिसेंबरात ज्या वायूने शहर उद्ध्वस्त केले, तोच या पोत्यांतून पुन्हा बाहेर पडणार काय?

या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. पण ते ऐकून निश्चिंत होण्यासारखी स्थिती मात्र नाही. असे का, हे समजून घेण्यासाठीच हा लेख लिहीत आहोत.

आरंभी एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. रसायनशास्त्रात ‘सेंद्रिय’ म्हणजे कार्बनाची संयुगे, एवढाच अर्थ आहे. आजकाल गुळाच्या आणि हळदीच्या पुड्यांवर हा शब्द शुद्धतेची ग्वाही म्हणून छापलेला असतो. त्या अर्थाशी येथे काही संबंध नाही. रॉकेल सेंद्रिय आहे, कापूर सेंद्रिय आहे, आणि भोपाळच्या त्या मालातील बहुतेक विषेही सेंद्रियच आहेत.

आता त्या वायूविषयी. मिथाइल आयसोसायनेट हा अत्यंत चपळ पदार्थ. तो ३९ अंशांवर उकळतो आणि पाण्याची गाठ पडताच त्याच्याशी संयोग पावून काही मिनिटांत निराळ्या पदार्थांत रूपांतरित होतो. माणसाच्या ओल्या डोळ्यांत आणि फुप्फुसांत त्याने जो अनर्थ केला तो या चपळपणामुळेच. आणि याच चपळपणामुळे तो टिकला नाही. त्या रात्री सुमारे ४० टन वायू सुटला, हजारो जीव गेले, पण आज तेथील मातीत तो शोधून सापडावयाचा नाही. ज्या पदार्थाने सर्वांत मोठा संहार केला त्याची शिल्लक शून्य, आणि ज्यांचे नावही त्या वेळी कोणी घेतले नाही असे काही मंद पदार्थ अजून वहीवर आहेत. पदार्थ किती तीव्र आहे आणि किती टिकाऊ आहे, ही दोन खाती अगदी स्वतंत्र मांडावी लागतात.

त्या कारखान्याचा मुख्य माल सेव्हिन नावाचे कीटकनाशक. तेही फार काळ टिकणारे नव्हे. साध्या पाण्यात सुमारे दहा-बारा दिवसांत त्याचा निम्मा भाग नाहीसा होतो, आणि पाणी खारवट अल्कधर्मी असेल तर काही तासांतच. मातीतील सूक्ष्म जंतूही त्याचा समाचार घेतात. पण हे झाले पातळ पसरलेल्या मालाचे. तोच माल पोत्यांत घट्ट भरून कोरड्या जागी वर्षानुवर्षे ठेवला तर त्याला ना पाणी मिळते, ना जंतू, आणि तो जसाच्या तसा राहतो. विघटन हा मालाचा गुण खरा, तरी त्यासाठी जागेचीही साथ लागते.

दुसरा पदार्थ आमच्या जुन्या सभासदांच्या चांगल्या ओळखीचा आहे. गॅमेक्झिनची पांढरी भुकटी आणि तिचा तो कुबट वास, धान्याच्या दुकानात वाढलेल्या कोणास आठवत नाही? थप्प्यांच्या कडेने, भिंतीच्या सांध्यांतून ती हाताने टाकली जात असे. हेक्झाक्लोरोसायक्लोहेक्झेन असे तिचे लांबलचक नाव; बाजारात बी.एच.सी. या नावाने ती चाले. तिच्यात एकाच घडणीचे अनेक भाऊ असतात, आणि त्यांतील ‘गॅमा’ हाच काय तो कीटक मारणारा. एकूण मालात त्याचे प्रमाण १० ते १५ टक्के. उरलेला माल बहुतांशी निकामी. शुद्ध गॅमा, म्हणजे लिंडेन, वेगळा काढला की बाकीच्या मालाचे ढीग पडत, आणि जगात ठिकठिकाणी ते जमिनीत गाडले गेले. भोपाळच्या मातीतही हे भाऊ सापडले आहेत.

या भुकटीचा स्वभाव पाहण्याजोगा आहे. पाण्यात ती फारशी विरघळत नाही, मातीतील कुजलेल्या पाल्यापाचोळ्याला चिकटून बसते, त्यामुळे विहिरीकडे तिची वाटचाल सावकाश चालते. पण तिला चरबी अतिशय प्रिय. गवतावरून गाईत, गाईतून दुधात, दुधातून माणसात ती चढत जाते. तिच्या ‘बीटा’ नावाच्या भावाचा निम्मा भाग माणसाच्या शरीरातून जाण्यास सुमारे सात वर्षे लागतात. उन्हात तिचा थोडा अंश उडूनही जातो आणि थंड हवेत पुन्हा खाली बसतो. म्हणून जेथे कोणी शेती करीत नाही त्या उत्तर ध्रुवाकडील समुद्रातही ‘अल्फा’ भाऊ आढळला. भारताने १९९७ साली बी.एच.सी. बंद केली. दुकानाच्या कडेला चिमूटभर टाकताना ती इतक्या दूर जाईल असे आपल्या वडीलधाऱ्यांच्या स्वप्नातही आले नसेल, आणि त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. तेव्हा ती सरकारमान्यच होती.

तिसरी जात द्रावकांची, आणि व्यापाऱ्याने सर्वांत अधिक लक्ष द्यावे ते येथे. कारखान्यात कार्बन टेट्राक्लोराइड आणि क्लोरोफॉर्म वापरले जात. यांपैकी पहिले एकेकाळी कपड्यांवरील तेलकट डाग काढण्यासाठी सर्वत्र चाले. उघड्यावर सांडले तर बरेचसे उडून जाते, म्हणून सांडणाऱ्याला वाटते की गेले. पण जमिनीत मुरले तर निराळीच गोष्ट घडते. रॉकेल पाण्यावर तरंगते. हे द्रव पाण्याहून दीडपटीहून जड. भूजलाशी पोहोचले तरी ते थांबत नाही, पाण्यातून खाली उतरते, आणि खालच्या चिकणमातीवर किंवा खडकाच्या भेगांत डबकी करून बसते. उन्हाळ्यात तडकलेल्या काळ्या मातीतून त्यास वाट शोधावी लागत नाही. तेथून ते वर्षानुवर्षे कणाकणाने पाण्यात विरघळत राहते.

हिशेबाची सवय असलेल्या वाचकांपुढे आकडे ठेवतो. एका लिटर पाण्यात कार्बन टेट्राक्लोराइड सुमारे ८०० मिलिग्रॅम विरघळते. रसायनशास्त्रज्ञ यास ‘जवळजवळ अविद्राव्य’ म्हणतील. पण जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी घातलेली मर्यादा लिटरमागे ०.००४ मिलिग्रॅम आहे. म्हणजे जे विरघळत नाही असे आपण समजतो, ते मर्यादेच्या दोन लाखपट विरघळू शकते. उलट बाजूने पाहू. एक लिटर द्रावकाचे वजन सुमारे १.६ किलो. ते समप्रमाणात मिसळले तर ४० कोटी लिटर पाणी मर्यादेस पोहोचते. १९९९ साली ग्रीनपीसने भोपाळच्या कारखान्याभोवतीचे पाणी तपासले, तेव्हा एका नमुन्यात हा पदार्थ त्या वेळच्या मर्यादेच्या सतराशेपट निघाला. खोल जमिनीत हवा नसते तेथे काही जंतू याचे विघटन करतात हे खरे, पण त्यातून आधी क्लोरोफॉर्म निघतो. म्हणजे एक देणे फेडण्यासाठी दुसरे काढण्यापैकीच ते.

कारखान्याचे सांडपाणी सुकविण्यासाठी १९७७ च्या सुमारास उत्तरेस तळी खणली होती. तळाशी प्लॅस्टिकचे अस्तर होते. उन्हाने पाणी उडेल आणि गाळ उरेल, अशी योजना. पण अस्तर फाटले की तळे चाळणी होते. भोवतालच्या वस्त्यांतील हातपंपांच्या पाण्याचे पुढे काय झाले ते न्यायालयात गेले, आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने तेथे नळाचे शुद्ध पाणी देण्याचा आदेश दिला.

पीथमपूरच्या भट्टीत तो ३३७ टन माल जून २०२५ च्या अखेरीस जळून संपला. सेंद्रिय पदार्थ पुरेशा उष्णतेत जळाला की कार्बन डाय-ऑक्साइड, पाण्याची वाफ आणि, क्लोरीन असेल तर, हायड्रोक्लोरिक आम्ल एवढेच उरते. ते आम्ल चुन्याने मारावे लागते. उष्णता कमी पडली किंवा धूर सावकाश थंड झाला तर डायॉक्सिन नावाची भयंकर विषे तयार होतात, म्हणून भट्टीच्या अंशांवर इतका कटाक्ष. काट्यावर माल तोलणाऱ्यांस एक गंमत वाटेल: ३३७ टन जाळून राख आणि अवशेष आठशेहून अधिक टन भरले. चुना व अन्य द्रव्ये मिसळल्याचा हा परिणाम. राखेत धातू राहतात. ते आगीला दाद देत नाहीत.

हा माल मात्र गोळा करून पोत्यांत भरलेला होता. जो मातीत मुरला तो निराळा. राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नागपूरच्या ‘नीरी’ने, २०१० साली दूषित मातीचा अंदाज ११ लाख टन दिला होता. ३३७ टनांशी या आकड्याचे प्रमाण वाचकांनीच काढावे.

आता आपल्या पेढ्यांकडे वळू. कार्बन टेट्राक्लोराइडचा द्रावक म्हणून वापर २०१० पासून बंद झाला, पण ट्रायक्लोरोएथिलीन, मिथिलीन क्लोराइड हे त्याचे आप्त आजही पिंपांतून येतात. प्रत्येकाची मर्यादा वेगळी असली तरी सर्व पाण्याहून जड. अशी रिकामी पिंपे घातक कचऱ्यात मोडतात, आणि २०१६ च्या नियमांप्रमाणे असा कचरा ९० दिवसांपलीकडे आवारात ठेवता येत नाही. तो परवानाधारकासच द्यावा लागतो. पाणी साठविण्यासाठी ही पिंपे स्वस्तात विकण्याचा प्रघात अजून पुष्कळ बाजारांत आहे. पिंप उलटे केले तरी तळाच्या काठाशी थोडे राहतेच.

आमच्या लहानपणी एका वखारीच्या परसात विहिरीलगतच पिंपे धुतली जात; पाणी हाताशी, एवढेच कारण. अशी जागा कोणाच्या आवारात असेल तर पाणी तपासून घ्यावे, पण नमुना नेण्याची रीत सांभाळून. काचेची लहान बाटली गळ्यापर्यंत भरावी, आत हवेचा बुडबुडाही राहू देऊ नये, घट्ट बूच लावून ती बर्फात ठेवावी आणि लवकरात लवकर प्रयोगशाळेत पोहोचवावी. प्लॅस्टिकच्या बाटलीत अर्धे पाणी भरून उन्हातून नेले तर द्रावक वाटेतच उडून जाईल आणि अहवाल स्वच्छ येईल.